देशावरचीं गलबतें

यंदाच्या स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनांत खिडकीजवळच्या शेवटच्या मेजावर पांच लहान गलबतें मांडून ठेविलीं होतीं. तीं आमच्या विद्यार्थ्यांनीं स्वतःच्या हातांनीं केलेलीं आहेत, हें कोणाला सांगावें लागत नव्हतें. एकाची डोलकाठी किंचित् कललेली, एकाचा रंग पुरता न वाळलेला, आणि एकाचें शीड तर जुन्या गणवेषाच्या सदऱ्यांतून इतक्या उघडपणें कापलेलें कीं खिशाची शिवण त्यावर जशीच्या तशी दिसत होती. पलीकडे विज्ञानाच्या मेजावर विजेचे दिवे लुकलुकत होते, तेथें दाटी होती. इकडे फारसें कोणी थांबत नव्हतें. एक पालक मात्र थांबले. शेतकरी गृहस्थ होते. त्यांनीं एक गलबत उचललें, उलटें करून त्याचा तळ पाहिला, पुन्हां होतें तसें ठेविलें आणि मला विचारलें, “सर, शिरूरला समुद्र कुठं हाय?”

भोंवतालचीं मुलें हंसलीं. मीहि हंसलों, आणि ‘मुलांचा छंद आहे’ असें कांहीं तरी बोलून वेळ मारून नेली. परंतु त्या गृहस्थांनीं प्रश्न थट्टेनें विचारलेला नव्हता. पांचांपैकीं एक गलबत त्यांच्या मुलाचें होतें. चार महिने दर शनिवारची दुपार त्यानें शाळेंत रंधा आणि पॉलिश पेपर घेऊन घालविली होती, आणि तेवढा वेळ घरीं कांद्याला दारें धरण्यास दुसऱ्या कोणाला तरी उभें राहावें लागलें असेल. अशा पालकाला हंसून वाटेस लावणें हें उत्तर नव्हे. म्हणून त्या दिवशीं जें सुचलें नाहीं, तें ह्या वार्षिकांत लिहितों.

शिरूरला समुद्र नाहीं हें तर खरेंच. मुंबईचा किनारा आपल्यापासून सडकेनें दोनशें किलोमीटरांहून अधिक दूर, आणि मध्यें सह्याद्रि उभा. माझें स्वतःचें बालपण दौंडला रेल्वेच्या चाळींत गेलें. नगरकडे जाणारी गाडी भीमेच्या पुलावरून धडधडत जाई, आणि खालीं आम्ही मुलें कागदाच्या होड्या पाण्यांत सोडून त्या कोठें पोहोंचतील ह्यावर पैजा लावीत असूं. कोणी पंढरपूर म्हणे, कोणी मुंबई म्हणे. मुंबई म्हणणारा हरला होता, हें मला पुष्कळ वर्षांनीं नकाशा नीट पाहिल्यावर समजलें. आपल्या घोडेचें पाणी भीमेला मिळतें, भीमा दौंडावरून उजनीच्या जलाशयांत आणि पंढरपुरावरून पुढें कृष्णेला जाते, आणि कृष्णा बंगालच्या उपसागरास मिळते. घोड ज्या डोंगरांत उगम पावते तेथून पश्चिमेचा समुद्र कितीतरी जवळ. पण तिचें पाणी त्याच्याकडे पाठ फिरवून सारें द्वीपकल्प ओलांडून जातें. हें मीं वर्गांत सांगितलें तेव्हां एक विद्यार्थी म्हणाला, “सर, पण होडी चिंचणीच्या धरणावरच अडकेल.” त्याचें म्हणणें अगदीं बरोबर होतें. तथापि ज्या मुलानें एवढा विचार केला, त्याची होडी मनानें तरी घोडेच्या कांठावरून सुटली होती.

आतां ह्याहून मोठी गोष्ट सांगतों. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यांत एक जहाज रंगविलेलें आहे. पांचव्या शतकांतलें तें चित्र. तीन डोलकाठ्या, त्यांवर शिडें, मागल्या बाजूस सुकाणूचें काम करणारीं वल्हीं, असा सर्व सरंजाम त्यांत आहे. ज्यानें तें रंगविलें तो चितारी वाघुर नदीच्या घळींत, समुद्रापासून शेंकडों किलोमीटर आंत, डोंगराच्या पोटांत बसून काम करीत होता. त्याला कोणी विचारलें असेल काय, कीं बाबा, येथें समुद्र कोठें आहे? विचारलें असेल तर बरें झालें, त्यानें कुंचला खालीं ठेविला नाहीं. कारण सुमारें दीड हजार वर्षांनीं त्याच्या त्या चित्रावरून खरोखरीचें जहाज बांधलें गेलें.

त्या जहाजाचें नांव ‘कौंडिण्य’. वृत्तपत्रांतून पुष्कळांनीं तें वाचलें असेल. पण वाचून विसरण्यासारखी ही हकीकत नाहीं, म्हणून थोडी विस्तारानें देतों. भारत सरकारचा संस्कृति विभाग, भारतीय नौदल आणि गोव्यांतील एक जहाजबांधणीचा कारखाना ह्यांनीं मिळून २०२३ सालीं हें काम हातीं घेतलें. ह्या जहाजाच्या फळ्या खिळ्यांनीं ठोकलेल्या नाहींत, शिवलेल्या आहेत. फळीला फळी भिडवून, भोंकें पाडून, काथ्याच्या दोरीनें टांके घालावयाचे आणि फटी राळेनें बुजवावयाच्या, अशी ती जुनी रीत. केरळांतील कारागीर ती जाणत होते. २०२५ च्या फेब्रुवारींत जहाज पाण्यांत उतरलें, त्याच वर्षींच्या मे महिन्यांत कारवार येथें नौदलानें तें आपलेंसें केलें, आणि २९ डिसेंबर २०२५ रोजीं तें पोरबंदराहून शिडांच्या बळावर निघून १४ जानेवारी २०२६ रोजीं ओमानमधील मस्कतला पोहोंचलें.

परंतु मला ज्या गोष्टीकडे वाचकांचें लक्ष वेधावयाचें आहे ती वेगळीच आहे. चित्र पाहून जहाज बांधावयाचें म्हणजे काय? चित्रांत लांबी-रुंदी लिहिलेली नसते. पाण्याखालीं असणारा भाग तर चित्रांत दिसतच नाहीं. असल्या जहाजाचे नकाशे कोठेंहि उरलेले नाहींत. तेव्हां ह्या मोठ्या माणसांनीं काय केलें? त्यांनीं आधीं त्या जहाजाचा लहान नमुना करून मद्रासच्या आय. आय. टी. मधील सागरी अभियांत्रिकी विभागांत पाण्यावर त्याची परीक्षा घेतली. म्हणजे आमचीं मुलें शनिवारीं शाळेच्या टाकींत जें करितात तेंच, अर्थात् कितीतरी अधिक नेटकें. खेळण्यांतलें जहाज आणि खरें जहाज ह्यांच्यांतलें अंतर आपण समजतों तितकें मोठें नाहीं. पुष्कळदां पहिल्यावांचून दुसरें पाण्यांत उतरतच नाहीं.

ही विद्या इंग्लंडांतील विल्यम फ्रूड ह्या गृहस्थानें शास्त्राच्या पायावर आणली. १८६७ सालीं त्यानें ‘हंस’ आणि ‘डोमकावळा’ अशा अर्थाचीं नांवें देऊन दोन वेगवेगळ्या घाटांचे नमुने केले आणि ते नदींतून ओढून पाहिले. १८७२ सालीं टॉर्की येथें आपल्या राहत्या घराजवळ त्यानें लांबलचक हौद बांधला. मोठमोठे आरमारी अधिकारी तेव्हां म्हणत कीं बाहुल्यांच्या जहाजांवरून खऱ्या जहाजाचें काय कळणार. फ्रूडनें त्यांना दाखवून दिलें कीं कळतें, मात्र नमुना कोणत्या वेगानें ओढावा ह्याचा नियम पाळला पाहिजे. वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणांत कमी करावा लागतो. नमुना जहाजाच्या पंचविसांश असेल तर त्याचा वेग पांचव्या हिश्श्याइतका ठेवावा. मग त्याच्याभोंवतीं उठणाऱ्या लाटांची मांडणी खऱ्या जहाजाच्या लाटांसारखीच होते. आठवीचीं मुलें वर्गमूळ कशाला शिकावयाचें असें दर वर्षीं विचारतात. त्यांना आतां मी टाकीकडे बोट दाखवितों.

टाकीची हकीकतहि सांगितली पाहिजे. पहिल्या वर्षीं आमचें पहिलें गलबत मोठ्या थाटानें पाण्यांत सोडलें आणि तें तत्काळ आडवें झालें. मुलांनीं हौसेनें डोलकाठ्या उंच केल्या होत्या, वरती तोफा बसविल्या होत्या, झेंडाहि पत्र्याचा लाविला होता. तळाशीं मात्र पोकळ. मुलें हिरमुसलीं. मीं त्यांना स्वीडनच्या ‘वासा’ जहाजाची गोष्ट सांगितली. राजाच्या हौसेनें तें दोन मजली तोफांचें प्रचंड जहाज बांधलें गेलें, आणि १० ऑगस्ट १६२८ रोजीं स्टॉकहोमच्या बंदरांतून पहिल्याच सफरीस निघालें असतां सुमारें तेराशें मीटर जातें न जातें तोंच वाऱ्याच्या झुळकेनें कललें, तोफांच्या खिडक्यांतून पाणी आंत शिरलें आणि लोकांच्या देखत बुडालें. वरचा भार अधिक, खालचा कमी, एवढेंच कारण. १९६१ सालीं तें वर काढलें, आणि आज तें तेथील संग्रहालयांत आहे. राजाच्या सुतारांना जी चूक तीनशेंहून अधिक माणसें... असें लिहिणार होतों, पण बुडालेल्यांची संख्या तेवढी नव्हती. बहुतेक लोक वांचले, सुमारें तीस गेले. तरी तीस माणसें म्हणजे थोडीं नव्हेत. आमच्या टाकींत कोणीहि न मरतां तीच चूक कळली. मग एका मुलानें घरून मासे धरण्याच्या जाळ्याचीं शिशाचीं वजनें आणलीं, तीं तळाशीं बसविलीं, आणि गलबत ताठ उभें राहिलें. गुरुत्वमध्य हा शब्द मीं त्यानंतर फळ्यावर लिहिला. आधीं लिहिला असता तर तो शब्दच राहिला असता.

मापाचेंहि असेंच. एक फुटास पाव इंच धरलें म्हणजे एकास अठ्ठेचाळीस हें प्रमाण होतें. १५० फुटांचें जहाज ३७.५ इंचांत बसतें. येथवर सर्वांना समजतें. पण अशा नमुन्याचें वजन किती भरावें, म्हणून विचारलें तर चांगले हुशार विद्यार्थीहि चट्‌कन् सांगतात कीं अठ्ठेचाळिसावा हिस्सा. वस्तुतः लांबी, रुंदी आणि उंची तिन्ही त्या प्रमाणांत कमी झालेलीं असतात, तेव्हां वजन ४८ च्या घनानें, म्हणजे १,१०,५९२ पटींनीं कमी व्हावयास पाहिजे. हें एकदां हाताच्या तळव्यावर तोलून पाहिलें म्हणजे मनुष्य जन्मभर विसरत नाहीं. मापाशिवाय आपली कल्पना आपणांस किती फसविते ह्याचें दुसरें उदाहरण बायबलच्या तासाचें आहे. नोहाचें तारूं काढा म्हटलें कीं प्रत्येकाच्या पाटीवर गोलसर टोपलीसारखें कांहीं तरी उमटतें आणि वरून जिराफ डोकावतो. उत्पत्तीच्या पुस्तकांत मापें स्पष्ट दिलेलीं आहेत : लांबी ३०० हात, रुंदी ५० हात, उंची ३० हात. त्या मापानें काढलें तर रुंदीच्या सहापट लांब अशी एक गंभीर पेटी तयार होते. तो अध्याय मुलांनीं दहा वेळां ऐकलेला असतो. पट्टी हातांत घेतल्यावर ती प्रथमच त्यांना दिसते.

हें सारें परदेशांतलें आणि पुराणांतलें, असें कोणी म्हणेल. तर आपल्या जिल्ह्यांतच पाहा. खडकवासल्याला जलविद्युत् संशोधन केंद्र आहे. १९१६ सालीं मुंबई इलाख्याच्या सरकारनें तें स्थापिलें. तेथें बंदरांचे, धरणांचे आणि नदीपात्रांचे लहान नमुने करून त्यांत पाणी सोडतात, लाटा उठवितात, आणि धक्का कोठें बांधावा, गाळ कोठें साचेल, हें त्यावरून ठरवितात. बंदर समुद्रकांठीं, पण त्याची परीक्षा मुठेच्या कांठीं! त्याच मुठेचें पाणी पुढें कालव्यानें दौंडच्या उसाला मिळतें.

आणि ज्या पुरुषानें मराठी आरमाराचा पाया घातला तो तरी कोठला? त्याचा जन्म शिवनेरीवर, जुन्नरास. तेथून निघालेली कुकडी आपल्याच परिसरांत घोडेला येऊन मिळते. १६५७ सालीं कल्याण-भिवंडी हातीं आल्यावर शिवाजी महाराजांनीं जहाजें बांधविण्यास आरंभ केला, १६६४ सालीं सिंधुदुर्गाचें काम सुरू केलें. डोंगरांत वाढलेल्या मनुष्याला समुद्राची किंमत आधीं कळली, हें कांहीं नवल नव्हे. जें रोज डोळ्यांसमोर असतें त्याची किंमत कळण्यास उशीर लागतो. कान्होजी आंग्र्यांच्या काळीं मराठ्यांचीं गुराबें आणि गलबतें कोंकण किनाऱ्यावर परकीयांना किती जड गेलीं, तें इतिहासाच्या पुस्तकांत आहे. येथें पुन्हां सांगत नाहीं. माझी तक्रार एवढीच कीं गुराब आणि गलबत ह्यांत फरक काय, हें विचारलें तर दहावीच्या वर्गांत एकहि हात वर होत नाहीं. ज्यांनीं दोन्ही करून पाहिलीं त्या पांच जणांना मात्र तें विचारावेंच लागत नाहीं. गुराब मोठें, दोन किंवा तीन डोलकाठ्यांचें आणि पुढें टोंकदार निमुळतें. गलबत हलकें, लहान, गरज पडली तर वल्ह्यांवर चालणारें.

मुंबईच्या गोदींतल्या एका जहाजाची गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाहीं. सुरतेहून १७३६ सालीं मुंबईस आलेल्या लवजी नसरवानजी वाडिया ह्यांच्या घराण्यानें तेथें पिढ्यान् पिढ्या सागवानी जहाजें बांधिलीं. त्यांतलें ‘त्रिंकोमाली’ हें १८१७ सालीं पाण्यांत उतरलेलें जहाज अद्यापि इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर तरंगत आहे. ह्या जहाजाचे नकाशे इंग्लंडहून मुंबईला ज्या जहाजांतून निघाले होते, तें ‘जावा’ नांवाचें जहाज १८१२ च्या डिसेंबरांत ब्राझीलच्या किनाऱ्यासमोर अमेरिकनांनीं लढाईंत पाडाव केलें आणि जाळून टाकलें. नकाशे गेले. नव्या प्रती येईपर्यंत वाडियांच्या सुतारांना थांबावें लागलें. आमच्या एका विद्यार्थिनीला ही हकीकत फार लागली. तिनें आपल्या गलबताच्या नकाशाच्या दोन प्रती केल्या, आणि एक मैत्रिणीकडे ठेवावयास दिली.

विद्यार्थिनी हा शब्द सहज आला नाहीं. आरंभीं मींच समजत होतों कीं हें मुलग्यांचें काम. एके शनिवारीं सातवीची एक मुलगी दाराशीं येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “कौंडिण्य शिवलेलं आहे ना सर? मला शिवता येतं.” तिनें पुठ्ठ्याइतक्या पातळ फळ्यांना सुईनें भोंकें पाडून सुताच्या दोऱ्यानें असे एकसारखे टांके घातले कीं मुलग्यांनीं आपले हातोडे खालीं ठेविले. २०१७-१८ सालीं नौदलाच्या सहा महिला अधिकारी गोव्यांत बांधलेल्या ‘तारिणी’ ह्या शिडाच्या नौकेंतून सारी पृथ्वी फिरून आल्या, हें मला तेव्हां आठवावयास पाहिजे होतें. आठवलें नाहीं, ही माझी चूक.

आतां पालकांच्या आक्षेपांकडे येतों. पहिला आक्षेप मार्कांचा. तो मी हंसण्यावारी नेत नाहीं. ज्याच्या घरीं दोन एकर जिराईत आहे, त्याला मुलाच्या दहावीच्या टक्क्यांवर पुढला सारा संसार उभा करावयाचा असतो. परंतु शनिवारच्या दुपारचे दोन तास कोठें जातात तें आपण सर्वजण जाणतों. ते अभ्यासांतून जात नाहींत. ते मोबाइलांतून जातात. मुलानें जहाज कसें करितात ह्याच्या चित्रफिती पाहिल्या तर त्याला वाटतें कीं आपणांस जहाज करतां येतें. पहिल्याच फळीला पटाशी लावली कीं हा गैरसमज दूर होतो, आणि माझ्या मतें शाळेंत दूर होण्यासारखा तोच सर्वांत मोठा गैरसमज आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. येथें माझें मत कांहीं पालकांस रुचणार नाहीं. अलीकडे जहाजांच्या तयार पेट्या मिळतात. यंत्रानें कापलेले तुकडे, क्रमांक घातलेले, सोबत गोंदाची बाटली, किंमत हजारांत. सधन घरांतून त्या येतात, आणि बहुधा वडीलच रात्रीं बसून तें जहाज जुळवितात, मुलगा शेजारीं झोंपलेला असतो. अशीं दोन जहाजें यंदा प्रदर्शनासाठीं आलीं होतीं. फार सुरेख होतीं. मीं तीं मांडलीं नाहींत, आणि त्यामुळें एका घराशीं माझा थोडा दुरावा आला आहे. पण सावंतवाडीचा कारागीर पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचीं खेळणीं पिढ्यान् पिढ्या करीत आला. आपल्याकडेहि सुताराच्या दुकानामागें पडलेले तुकडे, बांबू, बांधावरच्या घायपाताचा वाख आणि जुनें धडोतें एवढ्यावर गलबत उभें राहतें. विकत घ्यावा लागतो तो फक्त पॉलिश पेपर, फेव्हिकॉल आणि रंगाचा लहान डबा. मिशनच्या शाळांतून एके काळीं सुतारकाम शिकवीत असत. आज ‘कार्यानुभव’ हा विषय वेळापत्रकांत आहे खरा, पण त्याचा अर्थ बहुधा रंगीत कागदाचें तोरण असा होतो.

तिसरा आक्षेप आई लोकांचा : हत्यार लागेल. लागतें. यंदा दोघांच्या बोटांस चिंध्या बांधाव्या लागल्या, त्यांतलें एक बोट माझें. धार बोथट असली म्हणजे अधिक लागतें, हें मी आतां पहिल्याच दिवशीं सांगतों, आणि पटाशीच्या पुढें दुसरा हात ठेवूं देत नाहीं. ह्याहून अधिक खात्री मी देऊं शकत नाहीं.

एक गोष्ट मी होऊं देणार नाहीं. हा छंद सक्तीचा करावा, त्याला गुण द्यावे, अशी सूचना आली आहे. गुण देतांच तो छंद राहणार नाहीं. घरोघर पेट्या विकत येतील. ज्याला जहाज आवडत नाहीं त्यानें बैलगाडी करावी, ज्याला तीहि नको त्यानें मैदानावर जावें. राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल विभागांत जहाजांचे नमुने करण्याच्या स्पर्धा असतात. पुढें कोणास तिकडे जावयाचें असेल तर आनंद आहे. पण त्यासाठीं म्हणून मी हें चालविलेलें नाहीं.

कशासाठीं चालविलें, तें सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाहीं, आणि तें सांगणें मला सोपें नाहीं.

कांहीं वर्षांपूर्वीं नववीच्या वर्गांत मी व्याकरण शिकवीत होतों. शेवटच्या बांकावरचा एक मुलगा मान खालीं घालून बसला होता. दौंडकडून आलेला, वडील रेल्वेंत रूळ तपासण्याच्या कामावर. गणितांत फार कच्चा. सहामाहींत त्याला शंभरांपैकीं नऊ गुण होते. मीं जवळ जाऊन पाहिलें तर बांकाखालीं त्याच्या मांडीवर लाकडाचें जहाज, हातांत कानशीचा तुकडा. जुन्या स्लिपराच्या लाकडांतून तें कोरलेलें होतें. कठीण, काळें लाकूड. मीं तें काढून घेतलें. सर्व वर्गासमोर बोललों कीं गणितांत नऊ गुण मिळविणाऱ्यानें जहाजें करूं नयेत, बुडतील. वर्ग हंसला. जहाज मीं कपाटांत टाकलें आणि वार्षिक परीक्षा झाल्यावर नेण्यास सांगितलें.

परीक्षेनंतर त्याच्या वडिलांची बदली झाली. मुलाचा दाखला कोणी तरी येऊन नेला. जहाज मागावयास तो आला नाहीं, आणि मला त्याची आठवणहि राहिली नाहीं.

दोन वर्षांनीं कपाट आवरतांना तें हातीं लागलें. त्या दिवशीं मीं प्रथमच तें उलटें करून पाहिलें, जसें यंदा त्या शेतकरी गृहस्थांनीं पाहिलें तसें. तळाच्या सपाट भागावर पेन्सिलीनें आकडे लिहिलेले होते, कांहीं पुसट, कांहीं खोडलेले. मला त्यांतलें कांहीं कळेना, म्हणून मीं तें आमच्या गणिताच्या शिक्षकांस दाखविलें. ते बराच वेळ पट्टी लावून मोजीत राहिले. मग म्हणाले, “हें त्रैराशिक आहे. एका चित्रावरून त्यानें प्रत्येक माप काढलेलें आहे, आणि सर्व बरोबर आहेत.” थोडें थांबून ते म्हणाले कीं सहामाहीच्या पेपरांत ह्याच प्रकारचीं दोन उदाहरणें होतीं, आणि तीं त्यानें सोडविलींच नव्हतीं. जहाजाच्या कडेला चौदा खिडक्या कोरलेल्या होत्या. त्यांच्यांतलें अंतर कोठेंहि केसभर चुकलेलें नव्हतें.

त्यानंतरच्या जूनपासून शनिवारची दुपार सुरू झाली.

तो मुलगा आतां मोठा झाला असेल. कोठें आहे, काय करितो, ह्याचा मीं शोध केला, लागला नाहीं. हें वार्षिक जुन्या विद्यार्थ्यांच्या घरींहि जातें, हातोहात दौंड-सोलापुरापर्यंत फिरतें, म्हणून येथें लिहितों. त्याचें जहाज माझ्याकडे आहे. त्याला रंग दिलेला नाहीं, कोणाला देऊं दिला नाहीं. फक्त एक डोलकाठी मोडली होती, ती तशीच सोबत कागदांत गुंडाळून ठेविली आहे. शनिवारीं एक वाजल्यानंतर मी शाळेंत असतों.